लकव्यानंतर वळताना तोल जातो, डोळ्यांच्या व्यायामाने फरक पडेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील ७१ वर्षांचे, उभं आयुष्य यंत्रमागावर गेलं. सात महिन्यांपूर्वी लकवा झाला, उजवी बाजू गेली. आता हातापायात बरीच ताकद आलीय, काठी घेऊन घरातल्या घरात चालतात. सरळ चालताना ठीक असतात, पण वळताना किंवा मागून कुणी हाक मारली की झोक जातो. रात्री बाथरूमला जाताना दोनदा पडले. एका नातेवाइकांनी डोळ्यांच्या व्यायामाचा व्हिडिओ पाठवलाय आणि त्यात सात दिवसांत तोल परत येतो असं सांगितलंय. करावेत का, आणि खरंच किती दिवस लागतील?

मी सोलापुरात २२ वर्षं फिजिओथेरपी करतेय आणि माझ्याकडे येणाऱ्यांत लकव्याचे पेशंट सगळ्यात जास्त. त्यामुळे आधी सरळ उत्तर देते: हो, करावेत. पण व्हिडिओ समोर लावून, उभं राहून, पहिल्याच दिवशी सगळे करायचे नाहीत. आणि सात दिवसांत तोल परत येत नाही. मी स्वतः सहा ते आठ आठवडे धरून चालते आणि घरच्यांनाही पहिल्याच दिवशी तेवढं सांगते.

तुम्ही व्यायामाबद्दल विचारलंय, पण मला तुमच्या लिहिण्यातले दोन शब्द जास्त महत्त्वाचे वाटले. एक ‘वळताना’ आणि दुसरा ‘रात्री’.

आपण उभे राहतो ते तीन आधारांवर. डोळे सांगतात भिंत कुठे आहे, जमीन कुठे आहे. तळपाय आणि सांधे सांगतात की वजन कुठल्या पायावर आहे. आणि आतला कान सांगतो की डोकं कुठे कललंय, किती वेगाने फिरतंय. मेंदू या तिन्ही बातम्या जुळवून स्नायूंना हुकूम देतो. रात्री दिवा नसला की डोळ्यांची बातमी बंद पडते. लकव्यामुळे उजव्या तळपायाची जाण कमी झालेली असू शकते, आणि शुगर असेल तर दोन्ही पायांची. म्हणजे उरला एकटा कान. त्याची बातमी मेंदूला नीट वापरता येत नसेल तर अंधारात माणूस पडणारच. पायात ताकद कितीही येऊ द्या.

आता वळण्याचं. इथे एक गोष्ट आत्ता लगेच करून बघा. हाताचं बोट डोळ्यांसमोर फूटभर अंतरावर धरा, डोकं स्थिर ठेवा आणि बोट झपाट्याने डावी-उजवीकडे हलवा. बोट पुसट दिसेल. आता उलट करा. बोट स्थिर ठेवा आणि तेवढ्याच वेगाने मान ‘नाही नाही’ म्हणतो तशी हलवा. बोटावरच्या रेघासुद्धा दिसतील. हलण्याचा वेग तोच, पण दुसऱ्या वेळी आतला कान मेंदूच्या देठाला कळवतो की डोकं डावीकडे गेलं, आणि डोळे तत्काळ तितकेच उजवीकडे फिरतात. सेकंदाच्या जेमतेम शंभराव्या भागात हे होतं. ही उलटी चाल बरोबर बसते म्हणून आपण चालता चालता दुकानाची पाटी वाचू शकतो आणि हाक ऐकून मागे वळलो तरी घर फिरत नाही.

लकव्यात ही जोडणी बिघडू शकते. झटका लहान मेंदूला किंवा मेंदूच्या देठाला बसला असेल तर थेट बिघडते. वरच्या भागाला बसला असेल तर डोळ्यांच्या उड्या (एका वस्तूवरून दुसरीवर झटकन नजर नेणं), एखाद्या वस्तूमागे नजर सरकवणं, कुठल्या बाजूला लक्ष जाणं, यात खोट येते. त्यात भीतीची भर पडते. तोल जातो म्हणून माणूस मान ताठ धरून चालायला लागतो, जमिनीकडे बघत. मान हलत नाही म्हणून कान आणि डोळ्यांना एकत्र काम करायची सवयच राहत नाही. मग एखाद्या दिवशी मागून हाक येते, मान अचानक फिरते आणि झोक जातो. सात महिन्यांनंतर माझ्याकडे येणाऱ्यांत ही भीतीची गाठ मला जवळजवळ प्रत्येकात दिसते.

म्हणजे या व्यायामांनी बुबुळाचे स्नायू बळकट होत नाहीत. ते मुळात अशक्त नसतातच. डोळे, कान आणि मान यांची फुटलेली जोडी पुन्हा जुळवायची, असा हा प्रकार आहे. हे समजलं की पुढच्या सगळ्या सूचना आपोआप पटतील.

ही कल्पना नवी नाही. १९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न नावाचे कानाचे सर्जन आणि कुक्सी नावाचे डॉक्टर यांनी डोक्याला मार लागलेल्या आणि कानाच्या आजारातून उठलेल्या रुग्णांसाठी एक क्रम बसवला. आधी अंथरुणात पडून फक्त डोळे, मग मान, मग बसून, मग उभं राहून, सगळ्यात शेवटी चालताना. तुमच्या व्हिडिओत जे दिसतंय ते बहुतेक त्यातलंच आहे, फक्त क्रम गाळलेला. लकव्याच्या वयस्कर रुग्णांवर या व्यायामांचे जे अभ्यास झालेत ते लहान गटांवरचे आणि काही आठवड्यांपुरते आहेत. त्यातून तोलात आणि चालण्यात सुधारणा दिसते, पण एवढ्यावर छातीठोक सांगता येत नाही. माझा अनुभवही त्याच दिशेचा आहे: नेहमीच्या व्यायामाला जोड म्हणून उपयोग होतो, एकटे करून फारसा नाही.

सुरू करण्याआधी काही गोष्टी बघाव्याच लागतील, कारण त्यावरच सगळं अवलंबून आहे.

वडिलांना एकाच्या दोन वस्तू दिसतात का, हे विचारा. म्हातारी माणसं आपणहून सांगत नाहीत, त्यांना वाटतं चष्म्याचा नंबर वाढला. जेवताना ताटाच्या एका बाजूची भाजी किंवा चटणी तशीच राहते का ते बघा. उजव्या दाराच्या चौकटीला खांदा घासतो का तेही बघा. तसं असेल तर त्या बाजूचं दिसतच नसेल किंवा तिकडे लक्षच जात नसेल. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींचा सराव वेगळा असतो. नजरेचा गेलेला भाग या व्यायामांनी परत येत नाही. तिकडे मुद्दाम नजर टाकायची सवय लावावी लागते. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांना एकदा दाखवाच, मोतीबिंदूही तेव्हाच कळेल. चष्मा दोन नंबरांचा असेल तर चालताना आणि पायरी उतरताना खालच्या भिंगातून जमीन पुसट दिसते. चालण्यासाठी फक्त लांबचा चष्मा वेगळा करून घेतला तर बऱ्याच जणांना बरं पडतं.

अंथरुणात कूस बदलली की खोली गरगर फिरते आणि मिनिटभरात थांबते, असं होत असेल तर तो आतल्या कानातले बारीक खडे सरकल्याचा त्रास असू शकतो. लकवा झालेल्या माणसालाही तो होऊ शकतो. त्याला डोकं ठरावीक पद्धतीने फिरवायची वेगळी युक्ती आहे. ती जाणकाराने टेबलावरच करायची असते आणि कित्येकदा एक-दोन बैठकीत बरं वाटतं. असा माणूस महिनाभर डोळे फिरवत बसला तर वेळ फुकट जातो.

अंथरुणातून उठल्या उठल्या अंधारी येते का? मग बीपी आडवं आणि उभं असं दोन्ही वेळा मोजून घ्या. बीपीच्या गोळ्या, त्यात आपला उन्हाळा, पारा चाळिशीपार, आणि म्हातारी माणसं रात्री उठायला लागू नये म्हणून पाणी कमी पितात. उभं राहताच बीपी उतरतं आणि आपण समजतो तोल गेला. गोळ्या मात्र मनाने कमी करायच्या नाहीत, डॉक्टरांनाच विचारायचं. मानेच्या मणक्याचा किंवा मानेतल्या रक्तवाहिनीचा त्रास असेल तर मान फिरवायचे व्यायाम सुरू करण्याआधीही विचारून घ्या.

आणि हे लक्षात ठेवा. अचानक दोन-दोन दिसायला लागलं, बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, उलट्यांसोबत उभंच राहता येईना, तर तो व्यायामाचा त्रास समजू नका. सीटी स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात ताबडतोब न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. आपल्याकडे अजूनही अशा वेळी आधी मालीशवाल्याकडे नेतात, कुणी कबुतराच्या रक्ताचं सुचवतं, आणि ते साडेचार तास निघून जातात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण ते तास परत आणता येत नाहीत.

हे सगळं बघून झालं की सुरुवात. हातांची खुर्ची भिंतीला लावून ठेवा, पाय जमिनीला टेकलेले, आणि तुम्ही त्यांच्या उजव्या बाजूला, म्हणजे कमजोर बाजूला. सकाळी चहा-नाश्त्यानंतर अर्ध्या तासाने करून घ्या, तेव्हा माणूस ताजा असतो.

जुन्या कॅलेंडरवरचे दोन मोठे आकडे कापा आणि समोरच्या भिंतीवर, नजरेच्या उंचीला, एकमेकांपासून हात-दीड हात अंतरावर चिकटवा. पहिला आठवडा मान न हलवता फक्त डोळ्यांनी एका आकड्यावरून दुसऱ्यावर जायचं. आकडा स्पष्ट दिसला की परत. दहा-बारा वेळा झालं की थांबायचं. मग स्वतःचा अंगठा हातभर लांब धरून हळूहळू बाजूला न्यायचा आणि नजर त्याच्यासोबत सरकवायची.

हे ऐकायला सोपं वाटतं, पण पहिल्या दिवशी बहुतेकांची मान डोळ्यांसोबत जातेच. आमच्या पूर्व भागातले एक अण्णा होते, तुमच्या वडिलांसारखेच मागावर तीस-पस्तीस वर्षं काढलेले. मी पाच वेळा सांगितलं, डोळे हलवा, मान नको. प्रत्येक वेळी अख्खं डोकं जायचं. शेवटी मला मागावर सूत घेऊन डावी-उजवीकडे धावणारा धोटा आठवला. मी विचारलं, “अण्णा, साच्यावर, म्हणजे मागावर उभं असताना धोटा बघायला मान फिरवत होता का?” ते म्हणाले, “मान फिरवली असती तर संध्याकाळी उचलली नसती बाई. धोटा डोळ्यानंच कळतो.” म्हटलं, मग भिंतीवर धोटा आहे असं समजा. आणि खरोखर, पुढच्या क्षणाला मान थांबली आणि डोळे एकटे जायला लागले. तेव्हा मला नीट दिसलं की डावीकडच्या आकड्यावर त्यांची नजर एका उडीत पोचतेय, उजवीकडे मात्र अर्ध्यावर अडकतेय आणि मग आणखी एक छोटी उडी घेऊन आकडा गाठतेय. ती दुसरी उडी जायला पाच आठवडे लागले. त्याच सुमारास वळताना त्यांची भिंत धरायची सवयही सुटली. सगळं डोळ्यांच्या व्यायामानेच झालं असं मी म्हणणार नाही. खुर्चीतून उठण्या-बसण्याचा आणि पायांचा सराव रोज चालूच होता. पण वडिलांना धोट्याचं उदाहरण जरूर द्या.

दुसऱ्या आठवड्यापासून मुख्य व्यायाम. एकाच आकड्यावर नजर रोवायची आणि मान डावी-उजवीकडे हलवायची, थोडीशीच, खांद्यापर्यंत नाही. वेग किती? आकडा स्पष्ट दिसेल तेवढाच. आकडा पुसट झाला किंवा हलायला लागला की वेग जास्त झाला. सुरुवात २० सेकंदांपासून करा आणि हळूहळू एक मिनिटापर्यंत न्या. मग हेच वर-खाली, ‘हो’ म्हणतो तसं. त्यानंतर आधी नजर दुसऱ्या आकड्यावर टाकायची आणि मग मान तिकडे न्यायची. आधी डोळे, मग मान, मग अंग. माझ्या मते वडिलांच्या वळण्याला सगळ्यात जास्त उपयोग याच एका सवयीचा होईल. घरात वळतानाही तेच म्हणायला लावा: आधी दाराकडे बघा, मग पाय उचला.

थोडं गरगरणं चालतं, किंबहुना थोडं यायलाच हवं, कारण त्यातूनच मेंदू शिकतो. पण थांबल्यावर दहा-पंधरा मिनिटांत ते निवलं पाहिजे. तासभर टिकलं, मळमळलं, तर दुसऱ्या दिवशी वेळ निम्मी करा, बंद करू नका. हा नियम मी एका चुकीतून शिकले. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत विड्या वळणाऱ्या एका आजींना मी दुसऱ्याच दिवशी उभं करून मान फिरवायला लावली. आयुष्यभर मांडीवर सूप घेऊन खाली बघत बसलेली मान होती ती, आधीच आखडलेली. त्यांना उलटी झाली, त्या घाबरल्या आणि परत आल्याच नाहीत. मी घरी जाऊन बोलावलं, तरी नाही. त्या चालायच्या राहिल्या याची जबाबदारी माझी, असं मी आजही मानते. तेव्हापासून मी घाई करत नाही.

बसून आठ-दहा दिवस त्रास न होता जमलं की उभं राहायचं. स्वयंपाकाच्या ओट्यासमोर उभे करा, बोटं ओट्यावर टेकलेली, मागे खुर्ची, शेजारी तुम्ही. आधी पाय लांब, मग जवळ. तेही जमलं की पायाखाली घडी घातलेली चादर. आमच्याकडे यासाठी फोमची गादी असते, पण आपली सोलापुरी चादर चौपदरी केली की घरी तेच काम होतं. मऊ पृष्ठभागावर तळपायाची बातमी कमी होते आणि कान व डोळ्यांना जास्त राबावं लागतं. चादर मात्र घसरू देऊ नका, खाली रबरी पायपुसणं घाला. चालताना मान फिरवायचा टप्पा सगळ्यात शेवटचा. तो फिजिओथेरपिस्ट समोर असतानाच सुरू करा.

दिवसातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी पाच-सात मिनिटं. कानाच्या तोलाचा जुना त्रास असलेल्यांसाठी दिवसाला एकूण निदान २० मिनिटं नजर स्थिर ठेवण्याचा सराव सांगितला जातो. लकव्याच्या वयस्कर माणसाने तिथपर्यंत तीन-चार आठवड्यांत पोचावं, पहिल्या दिवशी नाही. थकवा आला की डोळे आधी थकतात आणि मग घरचे म्हणतात आज लक्षच देत नाहीत.

फरक पडतोय की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका, मोजा. खुर्चीपासून तीन मीटर, म्हणजे साधारण दहा फुटांवर खडूची रेघ मारा. खुर्चीतून उठायचं, काठी घेऊन नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जायचं, वळून परत येऊन बसायचं. मोबाईलवर सेकंद मोजा आणि वळायला किती पावलं लागली तीही मोजा. दर रविवारी एकदा, वहीत तारीख घालून. १४ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पडण्याचा धोका जास्त असं सर्वसाधारण वयस्करांबाबत धरतात. लकव्यानंतर बहुतेकांना जास्तच लागतात, त्यामुळे वडिलांची तुलना त्यांच्याच मागच्या रविवारशी करा. फिजिओथेरपिस्टकडून तोलाची बर्ग मोजणीही करून घ्या. त्यात १४ कृती असतात आणि ५६ पैकी गुण मिळतात. सुरुवातीला एकदा आणि सहा आठवड्यांनी एकदा पुरे. दोन्ही आकडे जागचे हलले नाहीत तर व्यायाम चुकतोय किंवा कारण दुसरं आहे. मग पुन्हा तपासणी.

व्यायामाचा परिणाम दिसायला आठवडे लागतात, पण वडील आज रात्रीही उठणार आहेत. म्हणून हे आजच करा. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर मंद दिवा चालू ठेवा. लाईट जाते म्हणून बॅटरी उशाशी. शहाबादी फरशी ओली झाली की घसरते, म्हणून बाथरूमबाहेर पाणी सांडू देऊ नका आणि आत आधाराला दांडी बसवून घ्या. उंबऱ्यावर रंगाचा पट्टा मारा. आणि घरातल्या सगळ्यांना, नातवंडांनाही, एकच सांगा: आजोबांना मागून हाक मारायची नाही, समोर जाऊन बोलायचं. तुम्ही लिहिलंय की त्यांना यंदा गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत मिरवणुकीतले नंदीध्वज बघायचे आहेत. दोन्ही बाजूंनी हलणारी गर्दी हा डोळ्यांसाठी फार अवघड पेपर आहे. या वर्षी खुर्ची टाकून एका जागी बसून दाखवा. गर्दीतून चालण्याचं घरातली चाल पक्की झाल्यावर बघू.

उद्या सकाळी त्यांना खुर्चीत बसवून कॅलेंडरचा आकडा आधी मान स्थिर ठेवून आणि मग मान हळू हलवत वाचायला सांगा. कुठल्या बाजूला मान गेली की आकडा पुसट होतो, आणि गरगरणं किती वेळ टिकतं, ते लिहून कळवा. सोबत शुगर आहे का आणि स्कॅनच्या रिपोर्टमध्ये मेंदूचा कुठला भाग लिहिलाय तेही कळवा. त्यावरून दुसऱ्या आठवड्यापासून मान किती फिरवायची ते मी सांगते.